लग्नात आलेली गाडी

सुगंधावहिनी आमच्या घरात आली त्याच्या आदल्या दिवशी तिची गाडी आली. लाल रंगाची मोटरसायकल, हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक. ती टेम्पोतून उतरवली तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली. मडगार्डवर नख ओढून पाहिलं, वाकून सायलेन्सर पाहिला, आणि टेम्पोवाल्यासमोरच म्हणाले, "जुनी आहे." दिलीपदादाचा, माझ्या मोठ्या भावाचा, चेहरा तिथल्या तिथे उतरला. त्याला कोरी गाडी हवी होती, शोरूममधली, सीटवरचं प्लास्टिक न काढलेली. त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांनी, हिरामणकाकांनी, कुणा साहेबाची जेमतेम वापरलेली गाडी घासाघीस करून मिळवली होती. ती अगदी नव्यासारखी होती. पण त्या 'सारखी'वर आमच्या घरात जे काय झालं ते आठवलं की अजूनही माझ्या तोंडात कडू पाणी येतं.

आमचं घर पनवेलात, उरण नाक्याच्या मागच्या बाजूला होतं. पुढे फरशीचा ओटा, त्याला लागून मधली खोली, मग स्वयंपाकघर. सकाळ व्हायची ती अप्पांच्या चुळांनी. घशात बोटं घालून, डोळे लाल होईपर्यंत ते खाकरायचे, आणि तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. मग आंघोळ, मग स्तोत्रं, मग कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. ते कचेरीत मोठ्या टेबलावर होते आणि दादालाही त्यांनी तशाच एका सरकारी टेबलाला चिकटवलं होतं. आमचे आजोबा खाडीकाठच्या मिठागरातून पनवेलात आलेले. ते शेवटपर्यंत 'आमी, तुमी' म्हणत, आणि घरी कुणी बरं पाहुणं आलं की अप्पा त्यांना आतल्या खोलीत नेऊन बसवत. अप्पांनी शिकून काय केलं, तर घरातून 'हाय' आणि 'नाय' हद्दपार केले.

आणि सुगंधावहिनी नेमकी ते दोन्ही शब्द परत घेऊन आली. ती आमच्याच लोकांतली, उरणकडच्या मिठागरवाल्यांची मुलगी. "तुमाला भाकर देऊ का?" असं तिने पहिल्याच दिवशी अप्पांना विचारलं तेव्हा दादाने तोंड वाकडं करून तिची नक्कल केली आणि आई पदर तोंडाला लावून हसली. वहिनीही हसली, कारण तिला वाटलं थट्टा प्रेमाची आहे. पुढे महिनाभर ती बोलताना आधी मनात वाक्य जुळवायची आणि मग बोलायची. मग तिने बोलणंच कमी केलं.

मी तेव्हा अकरावीत होते. माझा मामा विजेच्या खात्यात वायरमन होता. बदली होऊन जाताना त्याने एक पत्र्याची पेटी माझ्याकडे ठेवली होती: पक्कड, टेस्टर, पाने, वायरचे तुकडे. त्यामुळे घरातला फ्यूज, इस्त्री, रेडिओ हे सगळं माझ्याकडे असायचं. कौतुक म्हणून नव्हे. दादाला विजेची भीती वाटायची आणि वायरमनला पैसे द्यायला अप्पांच्या जिवावर यायचं, म्हणून. गाडीचंही तेच झालं. पहिल्यांदा ती बंद पडली तेव्हा दादा किक मारमारून घामाघूम झाला आणि शेवटी तिला लाथ मारून कामावर गेला. मी पाहिलं तर हॉर्न कण्हल्यासारखा वाजत होता आणि दिवा मरतुकडा. बॅटरीच्या टोकांवर पांढरट हिरवी भुकटी साठली होती. कढत पाण्यात खाण्याचा सोडा टाकून ती धुतली, टोकं घासली, आवळून वर व्हॅसलीन चोपडलं, बॅटरी चार्ज करून आणायला लावली. गाडी सुरू. नंतर एकदा प्लगवर काजळी धरली होती, ती तारेच्या ब्रशने काढली. एकदा प्लगच्या टोपणात ओल शिरली होती, ते चुलीपाशी धरून सुकवलं. यात काही विद्या नाही. पेट्रोल येतं का, ठिणगी पडते का, आणि ठिणगी पडत नसेल तर वीज कुठपर्यंत येऊन थांबते, एवढंच टप्प्याटप्प्याने बघायचं असतं.

आता माझा भाचा बटण दाबतो आणि त्याची स्कूटर आवाजसुद्धा न करता निघून जाते. त्याला मी हे सांगते तेव्हा तो मोबाइलवरून डोकं वर न काढता "भारी" म्हणतो. असो.

पण गाडी बंद पडली की आमच्या घरात काय व्हायचं ते सांगायला हवं. मी ती दुरुस्त केलेली असो वा नसो, अप्पा उरणला निरोप धाडायचे. "तुमच्या गाडीने जावयाला रस्त्यात उभं केलं." मग रविवारी हिरामणकाका यायचे, चप्पल ओट्याच्या खाली काढून, हातात मोठा स्टीलचा डबा घेऊन. डब्यात खाडीतला जिताडा असायचा, नाहीतर जाड नांग्यांचे खेकडे, आणि पिशवीत घरचे वाल. जिताडा खाल्लेल्यांना सांगायला नको. पांढरंशुभ्र, लोण्यासारखं मांस, कैरी घालून केलेलं कालवण. काका ओट्यावर बसून हात जोडायचे, "जरा सांबालून घ्या अप्पासाहेब," म्हणायचे, आणि आमचे लोक सांभाळून घेण्यासाठी पाटावर बसायचे.

ते जेवण मी कितीही प्रयत्न केला तरी विसरू शकत नाही. अप्पा माशाचं डोकं दोन्ही हातांत धरून चोखायचे. गालफडातलं मांस, डोळे, मेंदू, सगळं सुर्रकन ओढून घ्यायचे, आणि मधेच थांबून, ओठांवरून ओघळणारा रस्सा मनगटाने पुसत म्हणायचे, "गाडी मात्र तुम्ही जुनी गळ्यात मारलीत हो व्याही." दादा खेकड्याची नांगी दाढेखाली कडकन फोडायचा. "ऑफिसात हसतात लोक," म्हणायचा. आई आतून सांगायची, "तसं आमचं काही म्हणणं नाही, पण मुलाला वाईट वाटतं." आणि ज्याच्या डब्यातलं हे सगळं चाललेलं असायचं तो माणूस भिंतीला टेकून खाली मान घालून बसलेला. वहिनी वाढत असायची. मला पुढे पुढे मासळीचा वास नकोसा झाला, पण वास मासळीचा नव्हता.

मग असं झालं की मी केलेली दुरुस्ती टिकली. बॅटरी नीट होती, प्लग नवा होता, आणि गाडी बरेच दिवस कुरकुर न करता पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होत राहिली. दादा तिच्यावरून पळस्प्याला मित्रांच्या धाब्यावर जायला लागला. निरोप गेले नाहीत, त्यामुळे काकाही आले नाहीत. "व्याही बऱ्याच दिवसांत फिरकले नाहीत," आई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली. याच सुमारास दादाच्या ऑफिसातल्या कुणाला तरी सासऱ्याकडून नवी गाडी मिळाली. त्या दिवशी अप्पा आणि दादा जेवणानंतर बराच वेळ ओट्यावर हळू आवाजात बोलत बसले होते.

त्यानंतर एका सकाळी गाडी पुन्हा बंद. दादाने चार-दोन किक मारल्या, त्याही मारायच्या म्हणून, आणि थेट आत येऊन हेल्मेट वहिनीच्या पायाशी आपटलं. ती केर काढत होती. "बोलव तुझ्या बापाला," तो ओरडला. "म्हणावं, नवी गाडी घेऊन ये, नाहीतर पोरगी घेऊन जा." वहिनीने हेल्मेट उचललं, पदराने पुसलं आणि खुंटीला लावलं. मी पेटी आणायला वळले तर दादा म्हणाला, "तू नाही हात लावायचास. या वेळी अजिबात नाही." मला नवल वाटलं. एरवी तो मला झोपेतून उठवून गाडीशी नेऊन उभा करायचा.

रविवारी काका आले. डबा नेहमीपेक्षा मोठा होता. त्यांना निरोप काय मिळाला होता ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. तरी अप्पा म्हणाले, "आधी जेवून घेऊ." पानं मांडली. जिताडा वाढला. काकांनाही आग्रह करून बसवलं. अप्पांनी लिंबू पिळलं, पहिला घास घेतला, डोळे मिटून चव घेतली आणि बोलायला सुरुवात केली.

"कसं आहे व्याही, या वस्तूत मुळातच खोट आहे. मुळात खोट असली की वरून किती पुसा, चालणार नाही. अशी वस्तू आपण परत करतो की नाही?"

ते गाडीबद्दल बोलत नव्हते हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. वहिनी कालवणाची पळी धरून दारात उभी होती. ती पळी तशीच हवेत राहिली. काका म्हणाले, "नाय नाय, असा बोलू नका. मी कायतरी करतो. थोरा टाइम द्या." दादा काटे काढत राहिला.

मला तिथे उभं राहवेना. मी पेटी उचलली आणि ओट्यावर गेले. माझ्या मागोमाग वहिनी आली. "शैला, काय करतंस? ते ओरडतील."

"ओरडू देत. चावी आण."

तिने खुंटीवरची चावी आणून दिली. मी ती फिरवली. दिवा लख्ख लागला, हॉर्न खणखणीत वाजला. म्हणजे बॅटरी ठणठणीत. पेट्रोल होतं. प्लग काढून टोपणात बसवला, इंजिनाच्या पत्र्याला टेकवला आणि वहिनीला किक मारायला सांगितलं. तिने साडी खोचून पायाने जोर दिला. ठिणगी नाही. मग मी पेटीतला माझा दिवा काढला: इंडिकेटरचा एक बल्ब, त्याला जोडलेल्या दोन वायरी. एक वायर पत्र्याला लावायची, दुसरीने वीज कुठे आहे ते चाचपत जायचं. चावीच्या स्विचपाशी बल्ब पेटला. जिथून प्लगला ठिणगी मिळते त्या कॉइलपाशी पेटला नाही. म्हणजे स्विचपासून कॉइलपर्यंतच्या वाटेत वायर कुठेतरी तुटलेली होती, आणि ती वाट टाकीखालून जाते.

सीट काढली, टाकीचा बोल्ट सोडवला, पेट्रोलची नळी काढली. वहिनीने टाकी उचलून बाजूला ठेवली. खाली वायरींचा जुडगा होता, काळ्या वेष्टणातला. त्यावर एका जागी निळी टेप होती. माझी टेप. नाक्यावरच्या दुकानात काळी संपली होती म्हणून मी तेवढी एक निळी आणली होती, ती याच पेटीत होती, आणि मी गाडीला ती कधी लावलेली नव्हती. मी टेप उलगडली. आतली वायर कापलेली होती. घासून तुटलेली वायर पिंजलेली असते, उंदराने कुरतडलेल्या वायरीवर दातांच्या खुणा असतात. ही कात्रीने सरळ कापून, दोन्ही टोकं उलट दुमडून, एकमेकांना लागू नयेत म्हणून वेगवेगळी गुंडाळलेली होती. तांबं अजून चकाकत होतं.

वहिनी वाकून बघत होती. मी तिला काहीच समजावून सांगितलं नाही. ती सरळ उभी राहिली आणि कपाळावरचा घाम खांद्याला पुसला.

मी टेपचा तुकडा हातात धरून आत गेले. "अप्पा, गाडीची वायर कुणी कापली?"

"जेवताना काय हे घाणेरडे हात घेऊन आलीस?" अप्पा म्हणाले.

"उंदराने कुरतडली असेल," दादा म्हणाला. फार लवकर म्हणाला.

"उंदीर वर टेप लावतो?"

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "शैले, आधी आत ये तू. तुला कुणी सांगितले होते नसते उद्योग?" त्या आवाजात आश्चर्य नव्हतं. तेव्हा मला कळलं की आईलाही माहीत होतं. घरात मला आणि वहिनीलाच काय ते माहीत नव्हतं. दादा अप्पांकडे पाहत होता, लहान मुलं पाहतात तसा. अप्पांनी शांतपणे बोटं चाटली. "गाडी जुनीच आहे," ते म्हणाले. "मी काही खोटं बोललेलो नाही."

पण खरी शिसारी यायची अजून बाकी होती, आणि ती ज्याची यायला नको होती त्याची आली. हिरामणकाका घसा साफ करून माझ्याकडे बघून हसले. खरोखर हसले. "जाऊंदे पोरी," ते म्हणाले. "वायरच हाय ना? जोरून टाक. गारी चालू झाली का मिटला. सुगंधा, वाढ गो यांना, उभी का?"

वहिनी ओट्याच्या दारात होती. "बाबा, तुमी ऐकला ना काय केला यांनी?"

"ऐकला. पन तुजा घर हाय ह्या."

"नाय," वहिनी म्हणाली. त्या पहिल्या दिवसानंतर प्रथमच ती मनात वाक्य न जुळवता बोलत होती. "माजा घर नाय ह्या. मी येते तुमच्यासंगं."

"लोक काय बोलतील, सुगंधा?"

"बोलूंदे. शैला, वायर जोर."

मी वायरीची टोकं सोलली, पिळली, तीच निळी टेप वर गुंडाळली. प्लग बसवला, टाकी चढवली, नळी आणि सीट लावली. बोल्ट दोनदा हातातून खाली पडला. आतून कुणी बाहेर आलं नाही. सगळे बहुधा वाट बघत होते की आता रडारड होईल आणि मग समजूत घालता येईल. किक मारली, इंजिन फुरफुरलं आणि विझलं. पुन्हा मारली आणि गाडी सुरू झाली. धूर मधल्या खोलीत गेला. काका उष्टा हात तसाच धरून दारात आले. वहिनीने तांब्याने त्यांच्या हातावर पाणी घातलं, पदर पुसायला दिला, आणि म्हणाली, "बसा. तुमी चालवा." त्यांना ती चालवता यायची. खरेदी केल्यावर त्यांनी स्वतः चालवून पाहिली होती. एक क्षण त्यांनी अप्पांकडे पाहिलं, जणू परवानगी हवी होती. मग बसले. वहिनी त्यांच्या मागे बसली. तिने आत जाऊन एक कपडासुद्धा घेतला नाही.

तेव्हा कुठे दादा पानावरून उठून धावत आला. "अरे, गाडी कुठे नेता? गाडी माझ्या नावावर आहे!"

बायको चालली होती, आणि माझ्या भावाच्या तोंडून हे वाक्य आलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली, नाक्याच्या गर्दीत शिरली. दादा काही वेळ ओट्यावर उभा राहिला. मग आत जाऊन पाटावर बसला. अप्पा म्हणाले, "निवलं सगळं. गरम करून आण." आईने कालवण गरम करून आणलं आणि ते दोघे उरलेलं जेवण जेवले. मी ओट्यावर पेटी आवरत होते. आतून चोखण्याचा आवाज येत होता, नेहमीसारखाच, ना कमी ना जास्त.

वहिनी परत आली नाही. पंच बसले, कागद झाले, गाडी तिच्या नावावर झाली, वेगळं झालं. ती गाडी विकून तिने पहिली मोठी पातेली घेतली असं मला नंतर कळलं. द्रोणागिरीकडे गोदामं उभी राहिली तेव्हा तिने कंटेनरवाल्या ड्रायव्हरांसाठी खानावळ काढली. मी नोकरीला लागल्यावर एकदा तिथे गेले होते. तिने मला चुलीपाशी बसवून गरम भाकरी वाढली आणि "पोरगी बारीक झालीस" म्हणून ओरडली. काकांबद्दलचा माझा राग मात्र जायला फार वर्षं लागली. लोक मला सांगतात की तो गरीब माणूस होता, घाबरलेला होता. असेल. मला अजूनही त्यांचं ते हसू आठवतं.

घरात माझ्याशी कुणी बोलेना. मामाची पेटी अप्पांनी भंगारवाल्याला दिली. वर्ष व्हायच्या आत दादासाठी पुन्हा स्थळं येऊ लागली. त्यातलं एक आपटा गावचं होतं. मुलीचे वडील एकटेच आले होते, पांढरी टोपी घालून, घर बघायला. अप्पांनी त्यांना सांगितलं की पहिली सून डोक्याने जरा कमी होती, माहेरी गेली ती आलीच नाही. मी पोह्यांच्या ताटल्या घेऊन बाहेर आले होते. मी ताटली त्यांच्या हातात दिली आणि उभी राहूनच सगळं सांगितलं. गाडी, जिताडा, निळी टेप, कापलेली वायर. अप्पा माझ्या नावाने ओरडले, आई धावत आली, पण मी शेवटपर्यंत सांगितलं. मला वाटलं, आता हा माणूस उठेल.

त्यांनी माझं बोलणं नीट ऐकून घेतलं. मधे एकदा मानही हलवली. मग ताटलीतलं खोबरं बाजूला सारत दादाकडे बघून म्हणाले, "नोकरी पर्मनंट आहे ना?"

दादा म्हणाला, "हो."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "एवढं तेवढं सगळ्या घरांत असतं." आणि त्यांनी पोहे संपवले.